कारणाचा रकाना

बडोदे,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. नंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू आईशी बोलत होतास तेव्हा तिने नेहमीप्रमाणे फोन स्पीकरवर ठेवला होता आणि मी शेजारीच बसलो होतो, हे तुला ठाऊक नव्हते. "तुझ्या गुडघ्यांचे ऑपरेशन होईपर्यंत ही नोकरी ओढतो कसेतरी, मग बघू," असे तू म्हणालास. त्या एका वाक्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. फोनवर मी विचारले असते तर तू "सगळे ठीक आहे, बाबा" म्हणाला असतास आणि मीही जेवलास का, एवढेच विचारून फोन ठेवला असता. म्हणून लिहीत आहे.

कारखान्याच्या हिशेब खात्यात माझी एकतीस वर्षे गेली आणि त्यांतली शेवटची अठरा वर्षे माझ्याकडे नोकरी सोडून जाणाऱ्यांचे अखेरचे हिशेब होते. माणूस राजीनामा द्यायचा, नोटिशीचे दिवस भरायचा, स्टोअर, कँटीन, सुरक्षा अशा सात-आठ खात्यांच्या सह्या गोळा करायचा आणि शेवटी 'फुल अँड फायनल'साठी माझ्या टेबलापाशी येऊन बसायचा. त्या अर्जात 'सोडण्याचे कारण' असा एक रकाना असे आणि अठरा वर्षांत त्या रकान्यात मी जवळजवळ एकच मजकूर वाचला: वैयक्तिक कारणास्तव. खरे कारण माणूस समोर बसून चहा पिताना सांगायचा, आणि कधी कधी ते बोलून झाल्यावर स्वतःच गप्प व्हायचा, जणू त्यालाही ते तेव्हाच कळले होते. तुझ्या रकान्यात काय लिहायचे ते तूच ठरवायचे आहेस. पण तिथे आमच्या वाट्याची दोन कारणे येऊन बसलेली मला दिसतात आणि ती खोडण्याचा अधिकार माझा आहे.

पहिले कारण आईचे गुडघे. निवृत्त होण्याच्या थोडे आधी, सात वर्षांपूर्वी, मी आम्हा दोघांची स्वतंत्र आरोग्य विमा पॉलिसी घेतली होती. सामूहिक विमा नोकरीबरोबरच संपतो, हे मी त्या टेबलावरून इतक्या जणांना सांगितले होते की स्वतःला सांगणे भागच होते. तिचा हप्ता एकही वर्ष चुकलेला नाही आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियेसाठी जो प्रतीक्षा कालावधी असतो तो केव्हाच उलटून गेला आहे. काल सकाळी कागद घेऊन विमा प्रतिनिधीकडे जाऊन पुन्हा खात्री करून आलो. तुझ्या कंपनीच्या विम्यावर आईचे ऑपरेशन अवलंबून नाही. हे तुला पूर्वीच सांगायला हवे होते. पण पहिल्या नोकरीत तू आमची नावे विम्यात घालून ते कार्ड आईच्या हातात दिलेस, तेव्हाचा तुझा चेहरा आठवून मी गप्प राहिलो. माझ्या त्या गप्प राहण्यामुळे तू वर्षभर ओढत राहिला असशील, तर त्याची खंत मला फार आहे.

दुसरे कारण मी स्वतः आहे. २०१७ च्या जूनमध्ये प्रवेशाच्या चॉइस फिलिंगच्या रात्री तू मेकॅनिकल पहिल्या क्रमांकावर ठेवले होतेस आणि मी ते खाली सरकवून कॉम्प्युटर वर आणले. तू हो म्हणालास, पण तुला सतराव्या वर्षी माझ्यासमोर नाही म्हणता आले नसते, हे मला तेव्हाही कळत होते. तुझ्या कॉलेजच्या, म्हणजे कलाभवनाच्या, आवारात तुला पहिल्या दिवशी सोडायला आलो तेव्हा सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ही संस्था रंगकाम, विणकाम, सुतारकाम असल्या हातांच्या विद्यांसाठी काढली, हे मी तुला अभिमानाने सांगत होतो आणि तू मात्र वर्कशॉपच्या दाराशी रेंगाळला होतास. ते चित्र माझ्या मनातून गेलेले नाही. त्यामुळे बाबांनी निवडले म्हणून निभावून न्यायचे, असे काही तुझ्या मनात असेल तर ते आज काढून टाक. माझी निवड तुला या दाराशी घेऊन आली; पुढे आत राहायचे की नाही, यात माझा शब्द नाही.

आता ही दोन कारणे वजा केल्यावर जे उरते त्याविषयी लिहितो.

दिवाळीत तू चार दिवस आलास. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मला जाग आली तेव्हा घड्याळात पावणेतीन वाजले होते आणि तू अंधारात झोपाळ्यावर बसला होतास, मांडीवर लॅपटॉप आणि कानाला फोन. तू मला म्हणालास की दर तिसऱ्या आठवड्याला तुझी ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाला की रात्री-अपरात्रीही उठण्याची, पाळी येते. ज्या प्रणालीचा बिघाड तू दुरुस्त करतोस ती तू लिहिलेली नाही, ज्यांनी लिहिली ती माणसे निघून गेली आहेत आणि ती वापरतो कोण, हेही तुला नीट माहीत नाही. दिवसा तिकिटे, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, बंद करायची, सकाळच्या स्टँड-अप मीटिंगमध्ये किती बंद केली ते सांगायचे, आणि आता तर यंत्राने लिहिलेला कोड वाचून त्याच्यावर सही करायची. "मी गेल्या सहा महिन्यांत स्वतःचे असे काही केलेच नाही, बाबा," हे तुझे वाक्य होते. मी त्यावर "झोप आता" एवढेच म्हणालो. आईने दुसऱ्या दिवशी तुझ्या ताटात लिलो चेवडो, आपला बटाट्याचा ओलसर चिवडा, वाढला, तो तू आवडीचा असूनही तसाच ठेवलास.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'चा समावेश केला, मात्र आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिची त्यांनी सांगितलेली लक्षणे तीन: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हे वाचताना मला झोपाळ्यावरचा तू दिसलास. थकलेल्या माणसाला आपले काम आवडेनासे झाले आहे की आपण फक्त दमलो आहोत, हे आतून ओळखता येत नाही, कारण दोन्हींची चव तोंडात सारखीच लागते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की राजीनामा लिहिण्याआधी रजा घे. तुझी एक्केचाळीस दिवसांची रजा शिल्लक आहे, हे तूच दिवाळीत सांगितलेस. नोटीस सुरू झाली की बहुतेक ठिकाणी रजा देत नाहीत, तेव्हा ती आधीच घ्यायला हवी. सलग पंधरा दिवस, लॅपटॉप तिथेच कुलपात ठेवून. आणि त्या रजेतही झोप येत नसेल, सकाळी उठावेसे वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात किंवा सरकारच्या 'टेलि-मानस'वर १४४१६ ला फोन करण्यात एक दिवसही दवडू नकोस. तो क्रमांक चोवीस तास चालतो. बाप म्हणून याबाबतीत मी हट्ट धरणार आहे.

आपल्या दांडिया बाजारातल्या अरविंद निवासावरून मी रोज संध्याकाळी जातो. अरविंदबाबू, म्हणजे पुढचे योगी अरविंद, १८९३ पासून बडोदा संस्थानाच्या नोकरीत होते आणि १९०६ मध्ये बंगालमध्ये गेले, ते आधी रजा टाकून. ज्याच्या मनात एवढे मोठे काही चालले होते त्यानेही पहिले पाऊल रजेच्या अर्जाने टाकले, हे मला चालता चालता पुष्कळदा आठवते. त्यांचे जाणे स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी होते, ते तुला माहीत आहेच. तुझी तुलना मी करीत नाही.

माझ्या टेबलापाशी बसलेल्यांपैकी दोघे मला विशेष आठवतात. प्रयोगशाळेतला एक केमिस्ट मीटिंगमध्ये झालेल्या अपमानानंतर त्याच दुपारी राजीनामा देऊन मोकळा झाला. त्याचा राग रास्त होता, चूक वरिष्ठांचीच होती. आठ महिन्यांनी तो परत विचारायला आला आणि म्हणाला, "साहेब, मला ते काम सोडायचेच नव्हते, तो माणूस सोडायचा होता." दुसरा होता टर्नर. तो राजीनाम्याआधी वर्षभर दर रविवारी मकरपुऱ्यात एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जुन्या लेथवर काम करीत होता, घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला होता आणि त्याच्या अर्जाबरोबरचे सगळे कागद एका पिशवीत नीट लावलेले होते. केमिस्टच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केले असते. पण तुझ्यासाठी मला त्या टर्नरची पिशवी हवी आहे.

पैशांचे लिहितो, कारण ते माझे क्षेत्र आहे आणि तू त्याची लाज वाटून विचारणार नाहीस. तू २०२१ च्या ऑगस्टमध्ये लागलास, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेसाठी, लागणारी पाच वर्षे पुढच्या ऑगस्टमध्ये पुरी होतील. तुझा मूळ पगार साठ हजार धरला तर सव्वीस दिवसांच्या महिन्याने दर वर्षामागे पंधरा दिवसांचे ३४,६१५ रुपये होतात आणि पाच वर्षांचे १,७३,०७७. ही रक्कम लहान नाही. तुला दोन महिने उरले असते तर मी थांब म्हणालो असतो. परंतु आठ महिने अशा रात्री काढण्याची ती किंमत होऊ शकत नाही, हे मी आयुष्यभर असले आकडे मांडलेला माणूस म्हणून सांगतो. भविष्य निर्वाह निधी मात्र काढू नकोस. जुन्या खात्यातून नव्या खात्यात वर्ग करून घे. सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो आणि निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते. नोटीस नव्वद दिवसांची असेल तर ती पूर्ण भरण्याची तयारी ठेव आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कार्यमुक्तीचे पत्र, हातात पडल्याशिवाय पुणे सोडू नकोस. कागद अपुरे राहिल्यामुळे पुढच्या नोकरीत अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. आणखी एक: तू लागलास तेव्हा कंपन्या मुलांच्या मागे धावत होत्या, आज तसे नाही, लेऑफच्या बातम्या मीही वाचतो. शक्य असेल तर दुसऱ्या नोकरीचे पत्र हातात आल्यावर ही सोड. शक्य नसेल आणि सोडावेच लागले, तर वर्षभर इथे राहा; घर आपले आहे आणि माझे निवृत्तिवेतन व ठेवींचे व्याज तिघांना पुरते. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, वहीत मांडून पाहिले आहे.

माझे मत विचारशील तर ही नोकरी तू सोडावीस. मात्र हे काम सोडावेस की काय, याविषयी मला शंका आहे, आणि त्या शंकेचे कारण आपली विश्वामित्री नदी आहे.

३१ जुलै २०१९ ला शहरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला तेव्हा तू कॉलेजात होतास. त्यानंतर तू आणि तुझ्या दोन मित्रांनी काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी दाखवणारे इंटरनेटवरचे एक छोटे पान बनवलेस. सव्वीस फुटांची धोक्याची रेषा लाल, पाणी निळे, बाकी काही नाही. महापालिका जे आकडे जाहीर करी ते तुम्ही पाळीपाळीने भरत होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदी पुन्हा चढली, तेव्हा तू पुण्यात ऑफिस सांभाळून रात्रभर ते पान चालू ठेवलेस. समोरच्या आजींचा तळमजला होता. ते पान पाहून मी आणि शेजारच्या मुलांनी त्यांचे धान्याचे डबे आणि औषधे रात्री बारा वाजता वर नेली. तू पहाटे मला फोन केलास, "आजी वर गेल्या का?" एवढे विचारायला. तेव्हाही तू जागाच होतास, आणि तुझ्या आवाजात थकवा होता, पण दिवाळीतल्या त्या रात्रीचा पोकळपणा नव्हता.

म्हणून तुझ्या रकान्यात 'कॉम्प्युटर' असे कारण लिहिण्याची घाई करू नकोस. कदाचित तुला ते काम नकोसे झाले आहे, ज्याच्या दुसऱ्या टोकाला कोण माणूस आहे ते दिसत नाही. रजेत त्या पानाकडे एकदा बघ. ते उघडून दुरुस्त करावेसे वाटले तर एक उत्तर मिळेल. उघडावेसेही वाटले नाही तर दुसरे मिळेल, आणि त्या दुसऱ्या उत्तरालाही मी भीत नाही. वयाच्या सव्विसाव्या वर्षी लेथ शिकायला तुला कोणी अडवणार नाही. मकरपुऱ्यातल्या त्या टर्नरचे स्वतःचे वर्कशॉप आहे, आजही भेटला की चहा पाजतो. तू म्हणशील तेव्हा आपण दोघे जाऊ.

आईला हे पत्र दाखवलेले नाही. फक्त विम्याची फाइल तिच्यासमोर ठेवली आणि तू तिच्यासाठी थांबू नयेस हे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले की तू उत्तरायणाला येशील का. गच्चीवरच्या टाकीजवळची जागा तुझ्यासाठी झाडून ठेवतो. मांजा गेल्या वर्षीचा आहे, तो चालेल की नवा घेऊ, तेवढे कळव.

तुझा,
बाबा