वसतिगृह सांभाळणाऱ्या मुलांसाठीही शिष्यवृत्ती हवी

महोदय,
महाविद्यालयांत कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ ठेवलेली बक्षिसे बहुधा पहिल्या आलेल्यालाच मिळतात. अमेरिकेत काही ठिकाणी वसतिगृहात ‘रेसिडेंट असिस्टंट’ म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या स्मृती-शिष्यवृत्त्या आहेत. एका मजल्याची जबाबदारी घ्यायची, बदल्यात बहुधा खोली फुकट, कुठे जेवणही.

आपल्याला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात मुलेच राबत. ‘कमवा आणि शिका’ योजना आजही आहे, पण तिचे मानधन ग्रंथालय, बाग, कार्यालय अशा कामांना. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या ज्युनिअरला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा, मेसमधली भांडणे सोडवणारा, घरच्या आठवणीने उपाशी झोपलेल्या पोराला उठवून ताटावर बसवणारा मुलगा मात्र बिनपगारी! अशा मुलांचे मार्क थोडे मागेच राहतात, राहणारच.

माजी विद्यार्थी संघांनी प्रवेशद्वारे नि कमानी पुष्कळ बांधल्या. आता एखादी देणगी या मुलांच्या फीसाठी ठेवावी. निवड मात्र आमच्यासारख्या अधीक्षकांवर सोडू नये, मजल्यावरच्या मुलांना विचारावे.

– एक निवृत्त वसतिगृह अधीक्षक, सातारा