धुवारी असली की आम्ही जात नाही

नेब्रास्का, पौष

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
वर्षाचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीचे कपडे भरपूर आहेत, तू दिलेलं तिखट अजून पुरतंय. फोनवर हे सगळं सांगून झालंय. पण पेशंट नेणाऱ्या हेलिकॉप्टरवरच्या माझ्या नोकरीचा विषय निघाला की आई रडायला लागते आणि बाबा फोन पवनच्या हातात देऊन गोठ्याकडे जातात, म्हणून लिहून पाठवते. पवन, मोठ्याने वाच. मधलं गाळू नकोस.

आई, टीव्हीवर कुठलंही हेलिकॉप्टर पडलेलं दाखवलं की ते माझंच, असं धरून बसू नकोस. पेशंटसाठी कशाही हवेत उडवत असतील, असं तुला वाटतं. उलट, नाही म्हणणं हा आमच्या नोकरीचा मोठा भाग आहे. रात्री डोळ्यांवर अंधारात दिसायचे नाइट व्हिजन गॉगल असले तरी ढग जमिनीपासून निदान 800 फूट वर पाहिजेत आणि समोरचं 3 मैल, म्हणजे जवळपास 5 किलोमीटर, दिसलं पाहिजे. ठरलेल्या परिसराबाहेर जायचं तर ढग 1000 फुटांवर. हा कायदा आहे, कोणाची मर्जी नाही. हिवाळ्यात पंख्याच्या पात्यांवर बर्फ धरेल असे ढग असले, तर आमच्या मशीनला त्यात शिरायची परवानगीच नाही. 2008 साली इकडे पेशंट नेणाऱ्या हेलिकॉप्टरचे बरेच अपघात झाले, माणसं गेली, तेव्हापासून चर्चा सुरू होऊन 2014 मध्ये नियम कडक केले. पूर्वी एका कंपनीने हवेमुळे नकार दिला की दवाखानेवाले गुपचूप दुसरीला फोन लावायचे. आता निघण्याआधी धोक्याचा हिशेब मांडावा लागतो, त्यात आधी कोणी नकार दिलाय का हेही बघावं लागतं.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला पटणार नाही. मलाही पहिले कित्येक दिवस पटली नव्हती. फोन आला की पायलटला फक्त कुठून कुठे जायचं ते सांगतात. पेशंट कोण, ते सांगत नाहीत. लेकरू आहे की म्हातारा, बाळंतीण आहे की अपघातातला, काही नाही. फार तर वजन, कारण ते मशीनला लागतं. आम्हाला कळलेलं असलं तरी त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही. आई, तू म्हणशील, विचारत कसा नाही तो? नाही विचारत. मी मुद्दाम बघितलं, चेहऱ्यावरसुद्धा प्रश्न नसतो. आधी हवा बघतो, जाऊ किंवा नाही ते सांगतो, मग पुढचं. कारण माणूस तो माणूसच. चार वर्षांचं लेकरू आहे म्हटलं की समोरचं आभाळ त्याला जरा बरं दिसायला लागतं. म्हणून आभाळ बघणाऱ्याला आभाळच बघू द्यायचं. आपल्याकडे रात्री यवतमाळला जीप काढायची तर अख्खं गाव ड्रायव्हरला पेशंटचं सांगत सुटतं आणि तो नदीच्या पुरातही गाडी घालतो. इथे ते चालत नाही.

शिवाय पायलट, आणि वाटेत पेशंटला सांभाळणारे मी आणि दुसरा पॅरामेडिक, तिघांचं हो असेल तरच मशीन उठतं. एकाने जरी नाही म्हटलं तरी झालं. का म्हणून कोणी विचारत नाही. मी नवीन होते तेव्हाही नाही विचारलं.

दिवाळीनंतरची एक रात्र सांगते, बाबांना लगेच कळेल. संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, वारा अजिबात नाही, आभाळ निरभ्र, चांदणं पडलेलं. हवेचं तापमान आणि दवबिंदू, म्हणजे हवा जितकी थंड झाली की दव-धुकं धरायला लागतं तो आकडा, यांच्यात जेमतेम दोन अंशांचा फरक उरला होता. तुमच्या तुरीचा फुलोरा गाळणारी धुवारी, दाट धुकं, अशाच रात्री पडते ना? पायलटने दोन आकडे बघितले, बाहेर जाऊन दिव्याभोवती वलय धरतंय का बघितलं आणि आत येऊन नाही म्हणाला. पेशंट रस्त्याने गेला. आणि गंमत म्हणजे धुवारी पडलीच नाही! सकाळपर्यंत चांदण्या दिसत होत्या. पाळी संपताना मी मनातल्या मनात त्या पेशंटचे तास मोजत होते, तर हा शांतपणे कॉफीचा कप विसळत होता. कोणी एका शब्दाने त्याला बोललं नाही. तेव्हा मला या नोकरीचा भरवसा वाटायला लागला. आई, तुलाही वाटू दे.

पण बाबा, मी पायलट नाही. अश्विनात तुमच्या छातीत दुखलं, काकांच्या बोलेरोत यवतमाळला नेलं, तीन दिवस ठेवलं, आणि मला कळलं तेव्हा तुम्ही घरी येऊन ओलिताची मोटर सुरू करत होता. म्हणे पोट्टी तिकडे घाबरेल, तिकीट काढून बसेल. मी काढलं असतं की नसतं ते माझं मला ठरवू द्या. दुसऱ्यांचे बाप रात्री-बेरात्री पोचवून देते मी, आणि माझ्या बापाचं मला शेजारच्या पोराच्या स्टेटसवरून कळतं. असो. गोळ्या वेळेवर घ्या. रक्त पातळ व्हायची गोळी मनाने बंद करायची नाही, बरं वाटलं तरी.

पैसे जमा झाले असतील. त्यातून आधी सोसायटीचं कर्ज भरा, मग पवनच्या लग्नाच्या मंडपाचं बघा. सोयाबीनला भाव येईल म्हणून किती दिवस घरात ठेवणार? लग्नाच्या खर्चासाठी वडाजवळचे दोन एकर विकायचे हे डोक्यातून काढा, मी आहे.

लग्नाची तिथी माघातली धरली, चांगलं केलं. पवन, हेही मोठ्याने वाच. मला येता येणार नाही. थंडीत माणसं कमी असतात, अर्ज दिला होता, सुट्टी मिळाली नाही. वैशाखात धरली असती तर आले असते, पण मुलीकडच्यांची अडचण मला कळते, कोणाला बोल लावत नाही. हळदीला व्हिडिओ लावा, मी जागीच असते. नवरीसाठी साडी माझ्याकडून घ्या, यवतमाळला नको, नागपूरला जाऊन घ्या, पैसे वेगळे पाठवते. मामींना सांगा, अमरावतीच्या स्थळाला माझं अजून हो नाही. नाहीही नाही. मुलाला म्हणावं आधी स्वतः फोन कर, त्याच्या वडिलांशी किती वेळा बोलू?

आजीला नमस्कार.

तुमची,
वर्षा

ता. क. बाबांच्या ईसीजीचा फोटो पुन्हा पाठव पवन, मागचा अर्धा कापला गेलाय. आणि डिस्चार्जचा कागदही, दोन्ही बाजूंनी.