'स्त्रीबीज' नको, 'युग्मक' म्हणा

संपादक महोदय,

वंध्यत्व आणि कृत्रिम गर्भधारणेवरच्या मजकुरात 'शुक्रजंतू', 'स्त्रीबीज', 'बीजांड', 'बीजाणू' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. पाठ्यपुस्तकांत नर आणि मादी प्रजननपेशींसाठी 'युग्मक' हा नेमका शब्द आहे. तो टाळण्याचे कारण समजत नाही.

त्याचा इंग्रजी प्रतिशब्द 'गॅमेट' ग्रीकमधून आला. 'गामोस' म्हणजे लग्न, 'गामेतेस' नवरा, 'गामेते' बायको. तो आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलच्या नावावर खपवला जातो; पण त्याच्या १८६६ च्या निबंधात हा शब्द नाही, साध्या जर्मनमधल्या 'अंकुरपेशी' आणि 'परागपेशी' आहेत.

आपल्या 'युग्मक'मध्ये लग्न नाही, जोडी आहे. 'युज्' म्हणजे जोडणे. गंमत अशी, की हा धातू 'गॅमेट'चा कुणी नव्हे, 'झायगोट'चा, म्हणजे युग्मनजाचा, भाऊबंद. ग्रीक 'झुगोन', संस्कृत 'युग' आणि बैलांच्या मानेवरचे 'जू' एकाच मुळातले. म्हणूनच मराठीत युग्मक आणि युग्मनज जुळ्यासारखे दिसतात व विद्यार्थी हमखास फसतात. युग्मक एकटा असतो. माणसाच्या युग्मकात गुणसूत्रे २३. दोन युग्मकांच्या मीलनातून जन्मतो तो युग्मनज, ४६ गुणसूत्रांचा. शेवटचा 'ज' जन्माचा, एवढी खूण पुरते. गुणसूत्रे निम्मी होतानाच गफलत होऊ शकते: २१ व्या क्रमांकाची जोडी सुटली नाही, तर युग्मकात २४ गुणसूत्रे जातात आणि बाळात ४७ होऊन डाउन सिंड्रोम उद्भवतो.

'शुक्रजंतू'ला इतिहास आहे. १६७७ मध्ये लेव्हेनहूकला सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यात वळवळत्या शेपट्या दिसल्या आणि ते स्वतंत्र जीव वाटले. १८२७ मध्ये फॉन बेअरने दिलेल्या 'स्पर्माटोझोआ' नावातही 'झोआ' म्हणजे प्राणीच. पण जंतू म्हटले की आज रोग आठवतो. 'शुक्रपेशी' लिहावे.

'स्त्रीबीज' त्याहून फसवे. बी फलनानंतर तयार होते. तिच्यात अनेक पेशींचा भ्रूण असतो आणि ओल मिळाली की ती एकटीच रुजते. अंडपेशी ही सुमारे ०.१ मिलिमीटरची एकच पेशी. शुक्रपेशी आत शिरेपर्यंत तिचे शेवटचे विभाजनसुद्धा अर्धवट थांबलेले असते. 'बीजांड' तर वनस्पतिशास्त्राचा शब्द, पुढे ज्याची बी होते त्या भागाचा. आणि बुरशीच्या वा नेच्याच्या बीजाणूला जोडीदार लागतच नाही. तो एकटाच उगवतो.

'परागकण म्हणजे नर युग्मक' हे वाक्यही चुकीचे. परागकण हे वाहन आहे. त्याच्या नलिकेतून दोन नर युग्मक आत जातात. एक अंडपेशीशी एकरूप होतो, दुसरा मध्यवर्ती पेशीतल्या दोन केंद्रकांशी. त्या दुसऱ्या मीलनातून तिप्पट गुणसूत्रांचा भ्रूणपोष बनतो. गव्हाच्या दाण्यातले पिष्ट साठते ते त्यातच.

– जीवशास्त्राचे एक शिक्षक