ग्रुपच्या ईमेल लिस्टबद्दल थोडं

सर्व मेंबर्स आणि लिस्ट सांभाळणाऱ्यांनी कृपया वाचा.

रजेवर जाताना ऑटो-रिप्लाय जरूर लावा पण तो लिस्टला जाणार नाही एवढं बघा, नाहीतर "मी सोमवारपर्यंत ऑफिसात नाही" हे अख्ख्या ग्रुपला कळतं. एकाच माणसाला उत्तर द्यायचं असेल तर सेंड दाबायच्या आधी 'टू' मधला पत्ता वाचा, "अभिनंदन सर" सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये कशाला?

मेल येत नाहीत असं वाटलं तर आधी स्पॅम बघा. याहूने २०१४ मध्ये डीमार्कचा (फ्रॉममधला पत्ता खरा आहे का हे तपासायची पद्धत) नियम कडक केला तेव्हापासून लिस्टमधून फिरून आलेला मेल बऱ्याच सर्व्हरना बनावट वाटतो, कारण फ्रॉममध्ये पत्ता तुमचा आणि पाठवतोय मात्र लिस्टचा सर्व्हर. म्हणून आता फ्रॉममध्ये तुमच्या नावासोबत लिस्टचाच पत्ता दिसेल, घाबरू नका, कुणी अकाउंट हॅक केलेलं नाहीये.

नोकरी बदलली तर नवा पत्ता कळवा, जुन्यावरचे मेल बाउन्स होत (न पोचता परत येत) राहतात आणि त्याने सगळ्या लिस्टचं नाव खराब होतं, त्यामुळे असे पत्ते आम्ही काढणारच. मेल फार होत असतील तर डायजेस्ट (बरेच मेल एकत्र करून एकाच मेलमध्ये) लावा. आणि बाहेर पडायचं असेल तर प्लीज "मला काढा" असं लिस्टवर टाकू नका, प्रत्येक मेलच्या तळाशी अनसबस्क्राइबची लिंक असते.