खऱ्या ड्रमसाठी शहरात एक खोली हवी

संपादक महोदय,

मेटल, म्हणजे रॉक संगीताचा जड आणि जोरकस प्रकार, वाजवणारा बँड म्हटले की ‘नुसता गोंगाट’ हा शेरा आपल्याकडे ठरलेलाच असतो. हे संगीत सर्वांना आवडावे असा माझा मुळीच आग्रह नाही. परंतु माझा पुतण्या आणि त्याचे मित्र गेले काही महिने स्वतःचा अल्बम तयार करीत आहेत, आणि त्यांची मेहनत जवळून पाहिल्यावर त्यांच्या एका रास्त गरजेकडे आपल्या वृत्तपत्रातून लक्ष वेधावे असे वाटले. हाताने वाजवलेले ड्रम नीट ध्वनिमुद्रित करता येतील आणि नोकरदाराच्या घरातल्या मुलांना भाडे परवडेल, अशी जागा कोल्हापुरात व्हायला हवी.

गिटारचे काम आता घरीच होते. गिटारचा मूळ आवाज संगणकात घेऊन ठेवायचा आणि अँपचा (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा) बाज नंतर ठरवायचा, ही सोय झाली आहे. कष्ट मात्र कमी झालेले नाहीत. मेटलमधील गिटारचा रुंद, भरीव आवाज मिळवण्यासाठी तोच रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा) दोनदा वेगवेगळा वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या बाजूला ठेवतात. एकाच टेकची, म्हणजे एकदा मुद्रित केलेल्या वादनाची, नक्कल करून दोन्हीकडे टाकली तर आवाज मधोमधच ऐकू येतो, कारण दोन वादनांतील बारीक फरकातूनच ती रुंदी येते. आणि तो फरक जरा वाढला की सगळा रिफ ढिला पडतो. त्यामुळे चार मात्रांच्या एका तुकड्यासाठी ही मुले मनगट भरून येईपर्यंत बसलेली मी पाहिली आहेत.

खरी अडचण ड्रमची. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्याला डबल पेडलचे (दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवण्याच्या जोडपेडलचे) चार आघात धरले, तर पाय सेकंदाला तेरापेक्षा जास्त वेळा पडतात आणि त्यातला प्रत्येक आघात सुटा ऐकू यावा लागतो. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम), टॉम (घुमणारे ड्रम) आणि झांजा यांच्यासाठी मिळून दहा-बारा माइक सहज लागतात. आवाजाला एक मीटर अंतर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागत असल्याने जवळच्या आणि लांबच्या माइकमध्ये तोच आघात मागेपुढे पोचतो, आणि अंतरे मोजून लावली नाहीत तर दोन लहरी एकमेकींना मारतात व स्नेअर पोकळ वाजतो. छत बुटके असेल तर झांजांचा आवाज लगेच परतून सगळे धूसर करतो. आमच्या मुलांनी आडवारी एका मंगल कार्यालयाचा हॉल घेतला, मांडववाल्याकडून गाद्या आणून भिंतींना उभ्या लावल्या, खिडक्यांवर सतरंज्या टाकल्या. पण वरचा पत्रा प्रत्येक आघाताला उत्तर देत राहिला. शेवटी ते सर्व बाजूला ठेवून ड्रम संगणकावर रचावे लागले. पुतण्याने ते मुकाट्याने स्वीकारले, पण इतकी वर्षे हात-पाय घासलेल्या मुलाचे वादन त्याच्याच अल्बममध्ये नसावे, याचे मला फार वाईट वाटले.

‘मिक्सिंगमध्ये, म्हणजे मुद्रित केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवताना, सुधारून घ्या’ असा सल्ला अनेकांनी दिला. मी ओतकामाच्या धंद्यातला माणूस आहे. साच्यातली खोट मशीनशॉपमध्ये निघत नाही, एवढे मला कळते. मेटालिका या अमेरिकी मेटल बँडच्या १९८८च्या अल्बममध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. त्यानंतरच्या अल्बमसाठी निर्माता बॉब रॉक याने चौघांना स्टुडिओत एकत्र वाजवायला लावले. लॉस एंजेलिसमध्ये ऑक्टोबर १९९० ते जून १९९१ हे काम चालले आणि मिक्सिंग तीनदा झाले. ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडने मात्र आपला पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रित केला, कारण ती गाणी लोकांसमोर वाजवून वाजवून त्यांच्या हातात बसलेली होती. वेळ कमी लागो वा जास्त, वादकांना वाजवायला नीट जागा दोन्ही वेळी होती.

याच बँडचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. डावखुरा असल्याने तारा दाबायची बोटे नेमकी तीच. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या आणि पुढे सूरही खाली उतरवले; मेटलचा तो जड, खोल नाद बऱ्याच अंशी तिथून आला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वडील कामाला असलेल्या मुलांना हे संगीत आपले वाटते, यात मला काहीच नवल वाटत नाही.

मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली ‘प्रभात’ने याच शहरात तयार केला, तेव्हा आवाज टिपण्याचे काम कोल्हापूरला नवे नाही. महापालिका, शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग किंवा एखाद्या कलासंस्थेने मनावर घेतले तर फार मोठा खर्च नाही: उंच छताची एक खोली, भिंतींना आवाज शोषणारे आवरण, गुणगुण येऊ नये म्हणून नीट अर्थिंग केलेली वेगळी वीजजोडणी आणि तासावर भाडे. याचा उपयोग मेटल बँडपुरता राहणार नाही. हलगी-घुमक्याचा कडक आघातही साध्या खोलीत असाच फाटतो, आणि आपल्या हलगीवादकांचे चांगले ध्वनिमुद्रण होणे मला तितकेच निकडीचे वाटते. अशी जागा कुणी देणार असेल, तर माइकचे स्टँड आणि भिंतींच्या आवरणासाठी लागणारे लोखंडी सांगाडे उद्यमनगरातील आम्ही काही जण स्वखर्चाने करून देऊ.

आपला,
एक वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर