खो-खोचा खांब रोवायचा कुठे?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या बहुउद्देशीय क्रीडागृहाला वर्ष झाल्याची बातमी काल आपण पान तीनवर छापली. 'शहराच्या शिरपेचात मानाचा तुरा' वगैरे. तुरा वाचला, खालचा फोटो पाहिला आणि तव्यावरची पोळी करपली. फोटोत आठ मुली ओळीत उकिडव्या बसल्या आहेत, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. डावीकडून तिसरी माझी. आणि खाली आपण छापलंय, 'कबड्डीचा सराव करताना खेळाडू'. अहो, कबड्डीत एकमेकींकडे पाठ करून बसतात का? ज्याने हे लिहिलं तो शाळेत खेळाच्या तासाला काय करत होता, देव जाणे.

आणि 'सराव' हा शब्द तर त्याहून मोठा विनोद. तो फोटो उद्घाटनाच्या दिवशीचा आहे. त्यानंतर खो-खोच्या एकाही मुलीचा पाय त्या हॉलला लागलेला नाही.

उद्घाटनाचं आपल्याकडे छापून आलं नाही ते मी सांगते. मुलींना गणवेशात सकाळी सातला हजर राहायला सांगितलं होतं. पाहुणे आले सव्वाअकराला. तोवर बाईच्या जातीने जायचं कुठे, तर स्वच्छतागृहाला कुलूप आणि चावी 'साहेबांकडे'. (ते कुलूप अजून तसंच आहे, पण तो विषय वेगळा.) मग कुणालातरी आठवलं की पाहुण्यांना देशी खेळ दाखवायचे आहेत. खो-खो म्हटला की दोन खांब आले. खाली चकचकीत लाकडी फ्लोअरिंग, खांब रोवायचा कुठे? ठेकेदाराच्या नकाशात खो-खो नव्हताच. मुलींच्या सरांचा मला फोन आला, "ताई, तेलाचे रिकामे डबे आहेत का?" मी पोळी-भाजी केंद्र चालवते, माझ्याकडे दुसरं काय असणार! पंधरा किलोचे दोन डबे नेले, बाहेर पडलेली रेती त्यांत भरली, त्यात बांबू उभे केले. फ्लोअरिंगला चरा पडू नये म्हणून डब्यांखाली गोणपाट घातलं, तेही माझंच.

खेळ दहा मिनिटं झाला. माझ्या मुलीने सवयीप्रमाणे खांबावर सूर मारला आणि खांब डब्यासकट तिच्याबरोबर निघाला. गुडघा सोलला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे.

पुढच्या सोमवारी मुली सरावाला गेल्या तर दारावरच्या दादांनी अडवलं, "ताई, आठे खिळा ठोकाले बंदी शे." त्या बिचाऱ्याला काय बोलणार? मी आत जाऊन व्यवस्थापकांना भेटले. ते म्हणाले, खो-खो मैदानी खेळ आहे, मैदानावर खेळा. मी म्हटलं, मैदानावरच तर तुम्ही हे बांधलंय! त्यावर त्यांनी मला अर्ज द्यायला सांगितलं. दिला. पोच आहे माझ्याकडे, उत्तर नाही.

बरं, जागा नाही म्हणावं तर तसंही नाही. मुलीच्या शारीरिक शिक्षणाच्या वहीत सगळ्या मैदानांची मापं आहेत. रात्री कणीक भिजवून झाल्यावर हिशेब मांडून बसले. हॉलमध्ये बॅडमिंटनची चार कोर्ट आखली आहेत, दोनापुढे दोन. एक कोर्ट १३.४० मीटर लांब, म्हणजे दोन मिळून २६.८० आणि मधली मोकळी जागा वेगळी. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर. बसतं की हो! शिवाय खो-खो आता मातीत उरलाय कुठे? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत विश्वचषक झाला तो बंदिस्त स्टेडियममध्ये, मॅटवर. मुलं-मुली दोघांनी जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हा आपणही पहिल्या पानावर छापलं होतं आणि खाली कबड्डी लिहिलं नव्हतं, एवढं मला आठवतं. आमच्या मुली मात्र मातीत तयार होतात आणि स्पर्धेत मॅट दिसली की पाय घसरून बाद होतात. गुंडाळून ठेवता येईल अशी मॅट आणि तिच्यासोबतचे खांब एवढंच मागतोय आम्ही. हॉल पाडा असं म्हणत नाही.

बॅडमिंटन खेळणाऱ्यांवर माझा राग नाही. सकाळी सहाला गाडीतून येणारी काका मंडळी घाम गाळतात, चांगलंच आहे. पण तिथलं एका तासाचं भाडं म्हणजे माझे जेवणाचे सहा डबे. घरपट्टी मीही भरते, तिच्यात खेळाप्रमाणे सूट मिळत नाही.

आता खरं जळतं कुठे ते सांगते. आपल्याकडचा एप्रिल-मे मी आपल्याला सांगायला नको, पारा ४४-४५ वर. मुलींनी डोक्यावर छप्पर असलेल्या जागेत खेळावं असे वर्षात दोनच महिने, सुट्टीचे. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की हॉल लग्नांना जातो. हळद, रिसेप्शन, जेवणावळी. बहुउद्देशीय आहे ना! मधल्या रिकाम्या आठवड्यात साड्या आणि लोणच्या-पापडाचा महासेल होता. मी मुद्दाम आत गेले. स्टॉलवाल्याने कमानीचा बांबू हलू नये म्हणून त्याच फ्लोअरिंगमध्ये चार इंची खिळे ठोकले होते. मी मोजले, एका कमानीला सहा. व्यवस्थापक साहेब शेजारच्या स्टॉलवर कैरीचं लोणचं चाखत होते. मी त्यांना खिळे दाखवले, तर म्हणाले, "ताई, ते तात्पुरतं आहे."

माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आमच्या घरी आपलाच पेपर येतो, म्हणून हक्काने लिहिते. मागच्या वेळी गटारीबद्दलचं माझं पत्र आपण चार ओळींत छापलं होतं आणि गटारच गाळली होती. या वेळी कापायचंच असेल तर सासऱ्यांचा उल्लेख कापा, खिळे राहू द्या. आणि फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती उद्याच्या अंकात, नजरेला पडेल अशा अक्षरात छापा. माझी मुलगी शाळेत 'कबड्डीवाली' म्हणून चिडवून घेतेय.

एक राहिलंच. माझे ते दोन तेलाचे डबे उद्घाटनापासून तिथेच आहेत. मागचं दार उघडं राहावं म्हणून एका डब्याचा टेकू दिलाय, दुसऱ्यात लोक पिचकाऱ्या मारतात. पहिला तरी परत पाठवावा.

आपली,
आठवीतल्या एका खो-खो खेळाडूची आई
(नाव-गाव छापू नये, डबे बंद होतील)