हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या आजी: सरांना पत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता, तेव्हा तुम्हाला दाखवलेल्या निबंधात मी ठासून लिहिलं होतं की काही गुलामांचे मालक दयाळू होते. माझ्याकडे पुरावा होता ना! 1936 ते 1938 या काळात सरकारी योजनेतून 17 राज्यांत दोन हजारांहून जास्त माजी गुलामांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्या कुणालाही फुकट वाचता येतात. त्यातल्या सुझन हॅमलिन, दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात हेन्रिएटा स्ट्रीटवर राहणाऱ्या, वय शंभरीपार, स्वतः सांगतात की त्यांचे मालक मिस्टर फुलर चांगला माणूस होते. याहून अस्सल साधन कोणतं, असं मला वाटलं.

तुम्ही रागावला नाहीत. त्याच खंडातली, काही पानं पुढची दुसरी मुलाखत माझ्यापुढे ठेवलीत. सुझन हॅमिल्टन, चार्ल्सटन. तिच्यात फटके होते, माणसांचा बाजार होता. रात्री लग्न लागलं आणि सकाळी मालकाने नवरी विकली, म्हणून भर रस्त्यात शिव्याशाप देणारी एक आई होती. उच्चाराप्रमाणे लिहिलेली तिची इंग्रजी बोली मला वाचता येईना, तेव्हा तुम्ही मोठ्याने वाचलीत आणि कानावर पडताच ती कळली. मग हळूच म्हणालात, "बाई एकच आहे."

हॅमिल्टनबाईंशी बोलले होते ऑगस्टस लॅडसन, कृष्णवर्णीय. हॅमलिनबाईंशी जेसी बटलर, गोऱ्या. बटलरबाईंच्या टिपणाची सुरुवात मी घाईत ओलांडली होती. तिथे तुम्ही पेन्सिलीने रेघ ओढलीत. हॅमलिन आजी दाराशी पायरीवर बसल्या होत्या, त्यांना वाटलं ही बाई वेल्फेअर ऑफिसातून, म्हणजे गरजूंना मदत देणाऱ्या कचेरीतून आली आहे, आणि बटलरबाईंनी तो समज तसाच राहू दिला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. साल 1937, मंदीचे दिवस. मदतीची आस असलेल्या म्हाताऱ्या बाईने एका गोऱ्या बाईपुढे जुन्या मालकाबद्दल काय बोलावं? एवढं विचारून तुम्ही गप्प बसलात.

तोवर अमेरिकेतली गुलामगिरी मला माहीत होती ती जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेपुरती. 1873 साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हे शाळेपासून पाठ होतं. पण जे सुटले त्यांच्यापैकी कुणाचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं ते तुमच्या आवाजात, ग्रंथालयाच्या त्या टेबलाशी.

निबंध मी पुन्हा लिहिला. तेव्हापासून कुठलाही कागद हाती आला, की आधी बघते कोण विचारतंय, कोण ऐकतंय, बोलणाऱ्याचं पोट कुणाच्या हातात आहे.

सर, तेव्हा आभार मानायचे राहून गेले, ते आज मनापासून मानते. आता मी शिकवते. दरवर्षी वर्गात या दोन मुलाखती वाटते आणि झेरॉक्स काढते ती तुमच्याच प्रतीची. त्यात पेन्सिलीची ती रेघ पुसट का होईना, उमटतेच.

तुमची विद्यार्थिनी